जांभळ्या जीवाणूंतले साखर-एन्झाइम: शुद्ध कसे करायचे, तुलना कशी करायची

हातात एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचे पहिले वर्ष आहे, गाईडने ‘प्रकाशसंश्लेषी जीवाणूंतून एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज काढा आणि तुलना करा’ एवढेच सांगितले आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. प्रथिने शुद्ध करण्याची सर्वसाधारण पद्धत कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. या एन्झाइमच्या आणि या जीवाणूंच्या खास अडचणी मात्र तिथे एका जागी सापडत नाहीत, म्हणून भर त्यांच्यावर दिला आहे.

माझे ठाम मत आधीच सांगतो. या कामात सगळ्यांचे लक्ष कॉलमवर, म्हणजे प्रथिने वेगळी करणाऱ्या रेझिनच्या नळीवर असते, पण तुलना खरी ठरते ती अ‍ॅसेवर, म्हणजे एन्झाइमचा वेग मोजण्याच्या चाचणीवर. शुद्धीकरण बिघडले तर एन्झाइम कमी मिळते आणि ते लगेच कळते. अ‍ॅसे बिघडला तर आकडे छान येतात, आलेखही छान येतो, आणि निष्कर्ष चुकीचा निघतो.

हेच एन्झाइम का

हे एन्झाइम एटीपी आणि ग्लुकोज-१-फॉस्फेटपासून एडीपी-ग्लुकोज आणि पायरोफॉस्फेट बनवते. एडीपी-ग्लुकोजमधला ग्लुकोज पुढे ग्लायकोजेनच्या, म्हणजे पेशीतल्या साखरेच्या साठ्याच्या साखळीला जोडला जातो. जीवाणूने ग्लायकोजेन साठवायचे की नाही, हे मुख्यतः या पायरीवर ठरते. त्यामुळे पेशीतले काही छोटे रेणू या एन्झाइमचा वेग वाढवतात आणि काही तो दाबतात.

वेग वाढवणारा रेणू, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटर, जीवाणूगणिक बदलतो, आणि हा सगळा अभ्यास त्यासाठीच आहे. ई. कोलायमध्ये तो फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आहे आणि एएमपी निरोधक आहे. सायनोबॅक्टेरियात आणि हिरव्या वनस्पतींत ३-फॉस्फोग्लिसरेट वेग वाढवतो आणि अकार्बनी फॉस्फेट तो कमी करतो. रोडोस्पिरिलम रुब्रम या जांभळ्या जीवाणूत हे काम पायरुवेट करतो. जॅक प्राइस यांच्या गटाने हे १९६९ मध्ये दाखवले. त्याच्याच लांबच्या नात्यातल्या रोडोबॅक्टर स्फेरॉइडिसमध्ये फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आणि पायरुवेट दोन्ही चालतात.

प्राइस यांनी याचा जो अर्थ लावला तो अजूनही पटतो. जीवाणूच्या पेशीत कार्बन ज्या मुख्य वाटेने वाहतो, त्या वाटेवरचा एखादा रेणू ‘माल भरपूर आहे’ ही खूण म्हणून वापरला जातो. कॅल्विन चक्रावर जगणाऱ्या सायनोबॅक्टेरियाला त्या चक्राचे पहिले स्थिर उत्पादन, म्हणजे ३-फॉस्फोग्लिसरेट, ही खूण पुरते. रोडोस्पिरिलमला मॅलेट, सक्सिनेट, पायरुवेट अशी सेंद्रिय आम्ले आवडतात, म्हणून तिथे पायरुवेट. स्फेरॉइडिस आम्लांवरही वाढतो आणि साखरेवरही, म्हणून त्याचे एन्झाइम दोन्हीकडच्या खुणा ओळखते. तुमच्या तुलनेतून हाच फरक आकड्यांत दिसायला हवा.

पहिल्यांदाच करत असाल तर रुब्रम आणि स्फेरॉइडिस हे दोनच घ्या. दोन्ही वाढवायला सोपे, दोन्हींवर जुने साहित्य भरपूर, आणि एकच बफर दोघांना चालतो. अ‍ॅनाबिना किंवा सिनेकोकोकससारखा सायनोबॅक्टेरिया तिसरा म्हणून नंतर जोडा.

कल्चरसाठी पुण्यात दोन मोठे संग्रह आहेत: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. तुम्हाला हवा तो स्ट्रेन त्यांच्याकडे आहे का, ते आधी विचारा. रुब्रमचा एटीसीसी १११७० आणि स्फेरॉइडिसचा २.४.१ हे स्ट्रेन जगभर वापरले जातात. स्फेरॉइडिसचे नाव अलीकडे बदलले आहे. नव्या याद्यांत तो सेरीबॅक्टर स्फेरॉइडिस म्हणून सापडेल, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा. भातखाचरातल्या चिखलातही हे जीवाणू राहतात आणि तिथून वेगळे करून काम करण्याचा मोह होतो. पण ज्या स्ट्रेनवर कोणाचेच आकडे नाहीत, त्यावर पहिली तुलना करू नका.

वाढवताना उजेडाकडे लक्ष द्या

‘कल्चर वाढतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा दिवा असतो. या जीवाणूंतले बॅक्टेरिओक्लोरोफिल-ए डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त पट्ट्यातला प्रकाश पकडते: स्फेरॉइडिसमध्ये मुख्यतः ८०० आणि ८५० नॅनोमीटरच्या आसपास, रुब्रममध्ये ८८० च्या आसपास. पांढऱ्या एलईडी ट्यूबमध्ये हा पट्टा जवळजवळ नसतोच. खोली लख्ख उजळलेली असते आणि तरी जीवाणू जवळपास अंधारात असतात.

जुना पिवळा, तारेचा बल्ब मिळाला तर उत्तम. ४० किंवा ६० वॉटचे दोन-तीन बल्ब बाटल्यांपासून फूटभर अंतरावर लावा. बल्ब तापतो, म्हणून बाटल्या काचेच्या टाकीत पाण्यात उभ्या करा आणि पाणी ३० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा. बल्ब मिळत नसतील तर सीसीटीव्हीसाठी विकले जाणारे ८५० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे चालतात. खोक्यावर ९४० लिहिलेले असतील तर घेऊ नका. हे दिवे चालू आहेत की नाही ते डोळ्यांना नीट कळत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बहुधा जांभळट चमक दिसते. त्यांच्याकडे जवळून टक लावून बघू नका. प्रकाश दिसला नाही तरी डोळ्यांवर पडतोच.

बाटली स्क्रूच्या झाकणाची घ्या आणि माध्यमाने गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा उरणार नाही. ऑक्सिजन असेल तर रंगद्रव्य बनत नाही आणि कल्चर फिकट राहते. रुब्रमला मॅलेट आणि अमोनियमचे माध्यम द्या आणि बायोटिन विसरू नका. स्फेरॉइडिसला सिस्ट्रोमचे सक्सिनेट माध्यम द्या. त्याला बायोटिनबरोबर थायमिन आणि निकोटिनिक आम्लही लागते. तुलनेसाठी दोघांना एकच कार्बनस्रोत देणे जास्त बरे. दोघेही मॅलेटवर नीट वाढतात.

कल्चर गडद झाले, पण वाढ अजून थांबलेली नाही, अशा टप्प्यावर पेशी गोळा करा. सेंट्रीफ्यूज करून थंड बफरने एकदा धुवा, पेलेटचे वजन घ्या आणि उणे ८० अंशांवर ठेवा. दोन्ही जीवाणूंची कापणी वाढीच्या सारख्याच टप्प्यावर करा आणि वहीत ऑप्टिकल डेन्सिटी लिहून ठेवा.

कॉलमच्या आधी अ‍ॅसे पक्का करा

शुद्धीकरणाच्या काळात उलट्या दिशेचा अ‍ॅसे सोयीचा पडतो. एडीपी-ग्लुकोज आणि पायरोफॉस्फेट दिले की एन्झाइम ग्लुकोज-१-फॉस्फेट बनवते. मिश्रणात फॉस्फोग्लुकोम्युटेज असेल तर त्याचे ग्लुकोज-६-फॉस्फेट होते, आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज ते एनएडीपीबरोबर ऑक्सिडाइज करते. तयार होणारे एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरला वाढताना स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दिसते.

एक मिलिलिटरच्या क्युव्हेटसाठी सुरुवातीचे प्रमाण असे: १०० मिलिमोलर हेपीस, पीएच ८, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, एडीपी-ग्लुकोज १ मिलिमोलर, सोडियम पायरोफॉस्फेट १ मिलिमोलर, एनएडीपी अर्धा मिलिमोलर, ग्लुकोज-१,६-बिसफॉस्फेट १० मायक्रोमोलर, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन ०.२ मिलिग्रॅम, दोन्ही जोड-एन्झाइम (वरची फॉस्फोग्लुकोम्युटेज आणि डिहायड्रोजनेज) प्रत्येकी एकेक युनिट, आणि त्या-त्या जीवाणूचा अ‍ॅक्टिव्हेटर १ ते २ मिलिमोलर. ग्लुकोज-१,६-बिसफॉस्फेट गाळू नका, त्याच्याशिवाय फॉस्फोग्लुकोम्युटेज सुस्त चालते. मॅग्नेशियम आणि पायरोफॉस्फेट यांची दाट द्रावणे थेट एकमेकांत ओतली तर पांढरा गढूळपणा येतो आणि तो ३४० ला शोषणासारखाच दिसतो. म्हणून मॅग्नेशियम बफरमध्ये आधी पातळ करा आणि पायरोफॉस्फेट शेवटी घाला.

हिशेब सोपा आहे. एनएडीपीएचचा गुणांक ६.२२ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर. मिनिटाला ०.०६२२ ने वाढ झाली तर क्युव्हेटमध्ये मिनिटाला ०.०१ मायक्रोमोल तयार झाले, म्हणजे ०.०१ युनिट. तुम्ही २० मायक्रोलिटर एन्झाइम घातले असेल तर मूळ नमुन्यात मिलिलिटरला ०.५ युनिट आहे.

कोऱ्या नळ्यांना, म्हणजे एखादा घटक मुद्दाम गाळलेल्या तुलनेच्या नळ्यांना मात्र वेळ द्या. एक एडीपी-ग्लुकोजशिवाय, एक पायरोफॉस्फेटशिवाय आणि एक तुमच्या एन्झाइमशिवाय, अशा तिन्ही कोऱ्या दरवेळी लावा. स्फेरॉइडिसच्या बाबतीत तर यावाचून सुटका नाही. त्याचा अ‍ॅक्टिव्हेटर फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आहे आणि कच्च्या अर्कात फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज भरपूर असते. हे आयसोमरेज तुम्ही घातलेला अ‍ॅक्टिव्हेटरच ग्लुकोज-६-फॉस्फेटमध्ये बदलते, जोड-एन्झाइम ते खाते आणि एनएडीपीएच वर चढते. पडद्यावर दिसते की फ्रुक्टोज-६-फॉस्फेट घातल्यावर एन्झाइमचा वेग कितीतरी पटींनी वाढला. प्रत्यक्षात पायरोफॉस्फोरिलेजचा त्यात काहीच हात नसतो. एडीपी-ग्लुकोज नसलेल्या कोऱ्या नळीतही तोच वेग दिसला की समजायचे, आपण आयसोमरेज मोजतोय. विकत घेतलेल्या जोड-एन्झाइमातही आयसोमरेजचा अंश असू शकतो, म्हणून एन्झाइमशिवायची कोरीही अ‍ॅक्टिव्हेटर घालूनच चालवा. कच्च्या अर्काच्या टप्प्यावर स्फेरॉइडिससाठी फ्रुक्टोज-६-फॉस्फेटऐवजी पायरुवेट वापरले तर ही अडचण उद्भवतच नाही. मी तोच मार्ग सुचवेन.

दुसरा धोका ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजनेजचा. ते अर्कात असेल तर पुढच्या पायरीवर आणखी एक एनएडीपीएच तयार होते आणि आकडा दुपटीकडे सरकतो. सुरुवातीच्या मिनिटांतला वेगच घ्या आणि रेष वर वळत असेल तर सावध व्हा.

शेवटची चाचणी: एन्झाइम निम्मे केले तर वेगही निम्मा व्हायला हवा. दुप्पट एन्झाइम घालून वेग दुप्पट होत नसेल, तर जोड-एन्झाइम अपुरे पडत आहेत. हे जुळेपर्यंत कॉलमला हात लावू नका.

पेशी फोडणे

बफर साधा ठेवा: ५० मिलिमोलर ट्रिस किंवा हेपीस, पीएच ७.५, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, डीटीटी १ मिलिमोलर, सुक्रोज १० टक्के. प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे पीएमएसएफ आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून पेशी फोडण्याच्या अगदी आधी घाला, कारण पाण्यात ते फार काळ टिकत नाही. ते विषारी आहे, हातमोजे घाला.

ग्रॅमभर ओल्या पेशींना तीन-चार मिलिलिटर बफर पुरतो. सोनिकेटरचा प्रोब बर्फात ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासात अर्धा मिनिट चालवा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा चालवा. द्रावण गढूळ दाट होते ते हळूहळू पारदर्शक गडद होत जाते. तार ओढल्यासारखे चिकट वाटले तर तो डीएनए आहे. थोडे डीएनेज घाला आणि बर्फावर दहा मिनिटे ठेवा.

२०,००० जीला (गुरुत्वाच्या २०,००० पट जोराला) अर्धा तास फिरवल्यावर न फुटलेल्या पेशी खाली बसतात, पण सुपरनेटंट अजून गडद जांभळट-लालच असतो. हा रंग क्रोमॅटोफोरचा, म्हणजे रंगद्रव्ये असलेल्या पडद्यांच्या बारीक पिशव्यांचा. तुमचे एन्झाइम पाण्यात विरघळलेले असते, त्या पडद्यांत नसते. म्हणून १,००,००० जीला दीड तास फिरवून क्रोमॅटोफोर काढून टाका. नळीच्या तळाशी गडद पेलेट दिसेल, आणि पेशींत साठा चांगला असेल तर त्याखाली किंवा त्याच्या कडेला काचेसारखा पारदर्शक, लिबलिबीत थर दिसेल. तो ग्लायकोजेन, म्हणजे आपण ज्याच्यामागे लागलो आहोत त्या एन्झाइमच्याच कामाचे फळ. सुपरनेटंट पिपेटने वरून हळू काढा, सगळा काढण्याचा हट्ट धरू नका.

कॉलेजात अल्ट्रासेंट्रीफ्यूज नसेल तर शेजारच्या संस्थेत एक दिवसाची वेळ मागून घ्या. क्रोमॅटोफोरसकट अर्क कॉलमवर चढवला तर कॉलमचा वरचा भाग तुंबतो आणि रेझिनला बसलेला रंग सहज जात नाही.

सायनोबॅक्टेरियात हा त्रास वेगळ्या रूपात येतो. तिथे निळे फायकोसायनिन पाण्यातच विरघळलेले असते. ते कितीही फिरवले तरी जात नाही, कॉलमवरच वेगळे करावे लागते.

गरम करण्याची पायरी

या कुटुंबातली बरीच एन्झाइमे उष्णता सहन करतात. ई. कोलायचे एन्झाइम फॉस्फेट असताना ६० अंशांना पाच मिनिटे टिकते आणि अर्कातली बाकीची बरीच प्रथिने तेवढ्यात गोठून जातात. एवढ्या स्वस्तात एवढे शुद्धीकरण दुसरी कुठलीही पायरी देत नाही. म्हणून ती टाळू नका, पण आंधळेपणानेही करू नका. अर्कात पोटॅशियम फॉस्फेट २० ते ३० मिलिमोलर होईल इतके घाला, २०० मायक्रोलिटरचे छोटे नमुने ५०, ५५, ६० आणि ६५ अंशांना पाच मिनिटे ठेवा, बर्फात टाका, फिरवा आणि वरच्या द्रावणाची अ‍ॅक्टिव्हिटी व प्रथिन दोन्ही मोजा. ज्या तापमानाला अ‍ॅक्टिव्हिटी जवळजवळ पूर्ण उरते आणि प्रथिन सर्वात जास्त कमी होते, ते तापमान घ्या. दोन जीवाणूंसाठी ते वेगळे निघाले तरी चालेल.

सगळा अर्क गरम करताना तापमान पटकन चढले पाहिजे. पातळ स्टीलच्या भांड्यात अर्क घ्या, ७५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये धरा आणि सतत फिरवत राहा. थर्मामीटर अर्कात ठेवा, बाथमध्ये नाही. हव्या तापमानाला पोचले की भांडे त्याच तापमानाच्या दुसऱ्या बाथमध्ये हलवा आणि तिथून घड्याळ लावा. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसू लागतात, त्याने घाबरू नका. पाच मिनिटांनी भांडे बर्फात ठेवा आणि गार होईपर्यंत हलवत राहा. मग २०,००० जीला फिरवा.

या पायरीनंतर एकूण युनिट कधी कधी कच्च्या अर्कापेक्षा जास्त येतात. कच्च्या अर्कात पायरोफॉस्फटेज आणि इतर एन्झाइमे तुमचे सब्स्ट्रेट खात असतात. ती उष्णतेने गेली की खरी अ‍ॅक्टिव्हिटी दिसते. मात्र हे वहीत लिहा, कारण पुढे टक्केवारी कशाच्या तुलनेत काढायची हा प्रश्न येणार आहे.

अमोनियम सल्फेट आणि कॉलम

अमोनियम सल्फेटचा कट आधी छोट्या नमुन्यावर ठरवा. साधारण ३० ते ६० टक्के संपृक्ततेत एन्झाइम मिळावे. मीठ चिमूट चिमूट घाला, ढवळताना फेस येऊ देऊ नका आणि कोष्टक शून्य अंशांचे आहे की २५ अंशांचे, ते बघून घ्या. पेलेट थोड्या बफरमध्ये विरघळवून कोल्ड रूममध्ये रात्रभर डायलिसिस करा.

पहिला कॉलम डीईएई किंवा क्यू सेफरोजचा. पीएच ७.५ ते ८ ला एन्झाइम चिकटते आणि शून्यापासून ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइडपर्यंतच्या ग्रेडियंटमध्ये उतरते. कॉलममधून उतरणारे द्रावण छोट्या वाट्यांत (फ्रॅक्शनमध्ये) गोळा करा आणि एक आड एक फ्रॅक्शनचा अ‍ॅसे करा. फ्रॅक्शन एकत्र करताना शिखराच्या मधली घ्या आणि दोन्ही कडांची वेगळी ठेवा. सगळेच हवे या आशेने कडा ओढल्या तर शेजारची प्रथिनेही येतात. सायनोबॅक्टेरिया असेल तर प्रत्येक फ्रॅक्शनचे ६२० नॅनोमीटरचे शोषणही नोंदवा. निळ्याचे शिखर आणि अ‍ॅक्टिव्हिटीचे शिखर किती वेगळे झाले ते त्यावरून कळते.

दुसरा कॉलम फेनिल सेफरोज. नमुन्यात अमोनियम सल्फेट १ मोलर करून चढवा आणि उतरत्या ग्रेडियंटने काढा. अजून पट्टे दिसत असतील तर शेवटी जेल फिल्ट्रेशन. या जीवाणूंतले हे एन्झाइम एकाच प्रकारच्या चार उपएककांचे असते. एसडीएस जेलवर साधारण ५० किलोडाल्टनला एक पट्टा आणि जेल फिल्ट्रेशनवर २०० किलोडाल्टनच्या आसपास शिखर दिसले, तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. वनस्पतींत दोन प्रकारची उपएकके असतात, ते चित्र इथे अपेक्षित नाही.

प्रत्येक पायरीचे थोडे द्रावण बाजूला काढून उणे ८० ला ठेवा आणि शेवटी सगळी एकाच जेलवर चालवा.

हिशेबाची वही

प्रत्येक पायरीला आकारमान, मिलिलिटरमागे युनिट आणि मिलिलिटरमागे प्रथिन मोजा. बाकीचे सगळे यातून निघते. समजा कच्च्या अर्कात ४०० मिलिग्रॅम प्रथिन आणि २० युनिट आहेत, म्हणजे विशिष्ट अ‍ॅक्टिव्हिटी ०.०५. शेवटी ५ मिलिग्रॅम आणि १० युनिट उरले, म्हणजे २. शुद्धीकरण ४० पट, उतारा ५० टक्के. प्रथिन मोजण्यासाठी ब्रॅडफर्ड पद्धत वापरा. लोरी आणि बीसीए या दोन्ही पद्धतींत डीटीटी अडथळा आणते.

आता तुलना

इथून पुढे उलटी दिशा सोडा. पेशीत एन्झाइम एडीपी-ग्लुकोज बनवते, तेव्हा अ‍ॅक्टिव्हेटरचा परिणाम त्याच दिशेने मोजा. एटीपी आणि ग्लुकोज-१-फॉस्फेट द्या, तयार होणारे पायरोफॉस्फेट अकार्बनी पायरोफॉस्फटेजने तोडा आणि सुटलेले फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीनने मोजा. एका अभिक्रियेमागे दोन फॉस्फेट मिळतात, भागायला विसरू नका.

मॅलाकाइट ग्रीन फार संवेदनशील आहे आणि त्याला फॉस्फेट कुठूनही आलेले चालते. साबणाने धुतलेल्या परीक्षानळ्यांना चिकटलेले फॉस्फेटसुद्धा हिरवे दिसते. म्हणून नव्या प्लास्टिकच्या ट्यूब वापरा. काच वापरायचीच असेल तर ती पातळ आम्लात बुडवून, भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुवा. गरम करण्याच्या पायरीत घातलेले फॉस्फेट आता पूर्ण गेले पाहिजे. राहिले तर अ‍ॅसेची कोरी हिरवी येते आणि फॉस्फेटने दबणारे एन्झाइम उगीच सुस्त दिसते. हेपीस बफरमध्ये दोनदा डायलिसिस करा. साखरेच्या फॉस्फेटांच्या बाटल्यांतही थोडे मोकळे फॉस्फेट असते, म्हणून अ‍ॅक्टिव्हेटरच्या प्रत्येक प्रमाणाला स्वतःची, ग्लुकोज-१-फॉस्फेटशिवायची कोरी लावा. अभिकर्मक आम्लधर्मी असल्याने त्यात एटीपी हळूहळू तुटत राहते आणि रंग वाढत जातो. ठरलेल्या सेकंदांनी सायट्रेट घालून तो थांबवा आणि सगळ्या नळ्या सारख्याच अंतराने वाचा.

मॅग्नेशियम नेहमी एटीपीपेक्षा काही मिलिमोलर जास्त ठेवा. एन्झाइम मॅग्नेशियम-एटीपी वापरते. एटीपी वाढवत नेताना मॅग्नेशियम तेवढेच ठेवले तर वक्र शेवटी खाली वाकतो आणि तो सब्स्ट्रेटचा निरोध वाटतो.

सब्स्ट्रेट किती घालायचे, यावर तुलनेचे उत्तर अवलंबून असते. या कुटुंबात अ‍ॅक्टिव्हेटर कमाल वेग वाढवतो आणि त्याचबरोबर एटीपीची ओढही वाढवतो, म्हणजे कमी एटीपीत काम होऊ लागते. तुम्ही एटीपी भरपूर घातले तर दुसरा परिणाम झाकला जातो आणि अ‍ॅक्टिव्हेटर कमकुवत भासतो. म्हणून आधी प्रत्येक एन्झाइमचा एटीपीचा वक्र अ‍ॅक्टिव्हेटरसह आणि त्याशिवाय काढा. मग त्या एन्झाइमच्या स्वतःच्या अर्ध-संपृक्ततेजवळच्या (जिथे वेग कमालीच्या निम्मा असतो त्या प्रमाणाजवळच्या) एटीपीवर अ‍ॅक्टिव्हेटरचा वक्र काढा. दोन्ही एन्झाइमांना डोळे मिटून एक-एक मिलिमोलर एटीपी देणे वरून न्याय्य वाटते, पण एकासाठी ते भरपूर आणि दुसऱ्यासाठी अपुरे ठरू शकते. तापमान, पीएच, बफर आणि अल्ब्युमिन मात्र दोघांना सारखे हवे.

प्रत्येक एन्झाइमवर सगळे अ‍ॅक्टिव्हेटर तपासा, फक्त ‘त्याचा’ नाही: पायरुवेट, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट आणि ३-फॉस्फोग्लिसरेट. रुब्रमच्या एन्झाइमवर ३-फॉस्फोग्लिसरेट चालत नाही, हाही निकालच आहे आणि तो तक्त्यात दिसला पाहिजे. पायरुवेटचे द्रावण त्याच दिवशी बनवा, जुन्या द्रावणात पायरुवेटचे रेणू एकमेकांना जोडले जातात. ३-फॉस्फोग्लिसरेट सोडियम लवण म्हणून घ्या, बेरियम लवण स्वस्त असले तरी बेरियम आधी काढावे लागते. निरोधक म्हणून एएमपी, एडीपी आणि फॉस्फेट तपासा, तेही अ‍ॅक्टिव्हेटर असताना आणि नसताना.

वक्र बहुधा इंग्रजी ‘एस’सारखा येईल. तो हिल समीकरणावर थेट नॉन-लिनियर पद्धतीने बसवा, उलट आकड्यांची सरळ रेष ओढू नका. अर्ध-परिणामाचे प्रमाण, हिल गुणांक (वक्र किती ‘एस’सारखा आहे ते सांगणारा आकडा) आणि किती पट वेग वाढला, हे तीन आकडे प्रत्येक जोडीसाठी लिहा. प्रत्येक आकडा वेगवेगळ्या दिवशी केलेल्या, आणि शक्य झाल्यास एन्झाइमच्या दोन वेगळ्या तयारींवरच्या मोजण्यांतून यावा.

जनुक क्लोन करून काम करणारे विचारतात, एवढा खटाटोप कशाला? या एन्झाइमचे ‘जीएलजीसी’ जनुक ई. कोलायमध्ये घातले की एन्झाइम भरपूर मिळते, हे खरे आहे आणि म्युटंट बनवायचे तर दुसरा मार्गही नाही. पण ई. कोलायचे स्वतःचे एन्झाइमही तिथे असते. ते सोबत आले तर फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचा परिणाम कोणाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून हे जनुक नसलेला यजमान निवडा. एसी७०आर१-५०४ हा त्यासाठी प्रसिद्ध स्ट्रेन आहे. हिस्टिडिन टॅग एन-टोकाला लावणार असाल तर नियमन बदलले नाही ना, हे टॅग काढून एकदा तपासा. रचना बघायची असेल तर अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या एन्झाइमची क्रिस्टल रचना उपलब्ध आहे. तो जीवाणू रोडोबॅक्टरच्याच वर्गातला आहे आणि त्याचे एन्झाइमही फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आणि पायरुवेटला प्रतिसाद देते. तुमचा क्रम त्यावर बसवून पाहायला ती उत्तम आहे.

उरलेले शुद्ध एन्झाइम २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, ५० मायक्रोलिटरच्या वाट्यांत, उणे ८० ला ठेवा. एक वाटा एकदाच वितळवा आणि पातळ करताना बफरमध्ये अल्ब्युमिन घाला, नाहीतर ते प्लास्टिकला चिकटून जाते. नळीवर जीवाणू, स्ट्रेन, तारीख, मिलिलिटरमागे युनिट आणि बफरमध्ये फॉस्फेट आहे की नाही, हे पाचही लिहा. सहा महिन्यांनी फ्रीझर उघडणाऱ्याला त्यातले शेवटचे सर्वात आधी लागते.